सागरसंशोधन जहाज: नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात भूगर्भशास्त्र शिकवतो आणि शाळा-कॉलेजांत समुद्रविज्ञानावर बोलायला जातो. व्याख्यान संपलं की विचारलं जातं ते बहुतेक ठरलेलं असतं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न मुलांचे, काही पालकांचे, एक-दोन निव्वळ खोडसाळ.

नागपूरला समुद्र नाही. मग आपण या जहाजांची फिकीर कशाला करायची?

पावसासाठी. मुंबईचा किनारा नागपूरपासून सरळ रेषेत जवळपास ७०० किलोमीटर, आंध्रचा त्याहून थोडा जवळ. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे दोन-तीन दिवसांची झड लागते तेव्हा हवामानाचा नकाशा उघडून बघा. बहुतेक वेळा उत्तर बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र तयार झालेलं असतं आणि ओडिशा-छत्तीसगड ओलांडत ते विदर्भाकडे सरकत असतं. कोकणाला अरबी समुद्र भिजवतो. आपली भिस्त मोठ्या प्रमाणात उपसागरावर आहे.

आता खरा प्रश्न असा, की हा उपसागर अख्खा पावसाळा एकामागून एक अशी क्षेत्रं कशी जन्माला घालतो? त्याच दिवसांत अरबी समुद्र सोसाट्याच्या वाऱ्याने घुसळून निघतो, खालचं थंड पाणी वर येतं आणि तो गारठतो. उपसागराचा वरचा थर मात्र बहुधा २८ अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहतो. कारण नद्या. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी मिळून इतकं गोडं पाणी ओततात, आणि वरून पाऊसही इतका पडतो, की ते हलकं पाणी खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं पसरतं. वाऱ्याचा जोर ही साय मोडायला पुरत नाही, खालचं गार पाणी वर येत नाही, आणि पृष्ठभाग तापलेला राहतो. तापलेल्या पाण्यावर ढग पुन्हा पुन्हा उभे राहतात.

ही साय किती जाड आहे, तिच्याखाली उष्णता किती साठली आहे, हे मोजायला भर पावसाळ्यात तिथे जाऊन थांबावं लागतं. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये 'सागर कन्या' आणि 'सागरध्वनी' ही दोन जहाजं याच कामासाठी उपसागरात होती. त्या मोहिमेचं नाव बॉबमेक्स. २०१६ च्या पावसाळ्यात 'सिंधु साधना' दक्षिण उपसागरात गेलं. त्या खेपेला जहाजाने पाण्यात ग्लायडर सोडले. हे पाणबुडीच्या आकाराचे पण माणूसभर लांबीचे यंत्रमानव असतात. ते वर-खाली डुबक्या घेत स्वतःच मोजमाप करत फिरतात.

आणि देणं-घेणं दोन्ही बाजूंनी आहे बरं का. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी उपसागरात. त्या सायीत थोडा वाटा आपला आहे. आपण नाग नदीत काय काय सोडतो ते इथे लिहीत नाही.

साध्या जहाजापेक्षा हे वेगळं कसं?

मालवाहू जहाजाचं कसब बंदर ते बंदर लवकर पोचण्यात. संशोधन जहाजाचं कसब भर समुद्रात, वारा आणि प्रवाह ढकलत असताना, एकाच जागी तासन् तास उभं राहण्यात असतं. मला विचाराल तर बाकीची सगळी यंत्रं यानंतर येतात. चार किलोमीटर केबल पाण्यात सोडलेली असताना जहाज सरकलं, तर केबल तिरकी होते, प्रोपेलरमध्ये अडकू शकते, आणि मोजमाप भलत्याच जागेचं होतं. नांगर टाकावा तर तळ एवढा खोल की तोही उपयोगाचा नाही.

म्हणून नव्या जहाजांवर 'डायनॅमिक पोझिशनिंग' असतं. उपग्रहाकडून जागा कळते, वाऱ्याचा जोर आणि दिशा मोजली जाते, आणि संगणक पुढच्या-मागच्या थ्रस्टरना, म्हणजे जहाज ढकलणाऱ्या छोट्या पंख्यांना, सतत हुकूम देत राहतो: जरा डावीकडे, जरा पुढे. 'सागर निधी'वर ही सोय आहे. जुन्या जहाजांवर हेच काम कप्तान आणि त्याचे अधिकारी नजरेने आणि हाताने करत, अजूनही काही ठिकाणी करतात, आणि ते बघण्याजोगं असतं.

बाकी फरक मागच्या डेकवर दिसतात. पाठीमागे भलीमोठी लोखंडी चौकट, जिला ए-फ्रेम म्हणतात. तिच्यावरून अवजड यंत्रं पाण्यात उतरवायची. आत विंच, त्यावर गुंडाळलेली हजारो मीटर केबल. खाली प्रयोगशाळा, जिथे प्रत्येक उपकरण टेबलाला पट्ट्यांनी करकचून बांधलेलं. इंजिनाचा आवाज शक्य तितका कमी ठेवावा लागतो, कारण तळापर्यंत जाऊन परतणारा क्षीण ध्वनी ऐकायचा असतो. वेग विचाराल तर साधारण दहा-बारा नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. वर्धा रोडवर सायकलवाला गाठेल.

भारताकडे अशी कोणती जहाजं आहेत?

सुरुवात 'गवेषणी'पासून. १९७६ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयओने, हे जहाज कामाला घेतलं. मुळात ती गाळ वाहणारी बार्ज. तिचं रूपांतर केलं. त्याच्या आधी १९६० ते १९६५ च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत नौदलाचं 'आयएनएस किस्तना' वापरलं गेलं होतं, आणि त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला एनआयओ उभी राहिली.

१९८३ मध्ये जर्मनीत बांधलेलं 'सागर कन्या' आलं, लांबी शंभर मीटर. पुढच्याच वर्षी डेन्मार्कहून 'सागर संपदा', मासे आणि सागरी जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी. त्याचा कारभार कोचीहून चालतो. 'सागर निधी' इटलीत बांधलं, १०४ मीटर लांब, २००८ पासून चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयओटीकडे. हे बर्फाळ पाण्यातही जाऊ शकतं. एनआयओचं 'सिंधु साधना' मात्र गुजरातेत बांधलेलं, ८० मीटर, २०१४ पासून सेवेत. किनाऱ्याजवळच्या कामाला 'सागर तारा' आणि 'सागर अन्वेषिका' ही छोटी जहाजं आहेत. 'सागरध्वनी' संरक्षण संशोधनाचं आहे.

नागपूरकरांना जवळचं वाटावं असं एक जहाज म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं, जीएसआयचं, 'समुद्र रत्नाकर'. दक्षिण कोरियात बांधलं, २०१३ मध्ये आलं, तळ मंगळुरू. जीएसआयच्या मध्य विभागाचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. तिथल्या एखाद्या भूवैज्ञानिकाची बदली मंगळुरूला झाली, की कालपर्यंत भंडारा-गोंदियाचे खडक फोडणारा माणूस समुद्राच्या तळातला चिखल उपसायला लागतो.

२०२४ च्या जुलैमध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्याला ८९.५ मीटरच्या नव्या संशोधन जहाजाचं काम मिळालं, सुमारे ८४० कोटी रुपयांचं. ही ऑर्डर आणखी दहा वर्षं आधी जायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. चाळिशी ओलांडलेलं जहाज चालतं, पण त्याचे महिने दुरुस्तीत जातात आणि शास्त्रज्ञांच्या मोहिमा मागे पडतात.

पाणी नेमकं मोजतात कसं? बादली सोडतात का?

पृष्ठभागाचं पाणी घ्यायला अजूनही बादली सोडतात, हसू नका. पण रोजचं मुख्य काम सीटीडीचं. माणसाच्या छातीएवढ्या उंचीची एक गोल चौकट, तिच्याभोवती उभ्या लावलेल्या १२ किंवा २४ निस्किन बाटल्या, मध्ये संवेदक. संवेदक पाण्याची विद्युतवाहकता, तापमान आणि दाब सेकंदाला २४ वेळा मोजून केबलवरून वर पाठवतात. वाहकतेवरून क्षारता निघते, दाबावरून खोली. बाटल्या खाली जाताना दोन्ही तोंडांनी उघड्या असतात. परत वर येताना प्रयोगशाळेतून कळ दाबली, की हव्या त्या खोलीवर एकेक बाटली खटकन मिटते.

सेकंदाला मीटरभर वेगाने उतरवतात. ४,००० मीटर गाठायला तासाहून जास्त, वर यायला थांबत थांबत त्याहून जास्त. एका जागेचे तीन तास धरून चाला. रात्री दोन वाजता ही चौकट डेकवर आली की झोप उडते, कारण पुढची पंधरा मिनिटं कोणी आळस करायचा नसतो.

विषुववृत्ताजवळच्या दमट हवेत त्या बाटल्यांना बाहेरून घाम फुटलेला असतो. आतलं खोल पाणी जेमतेम दोन अंशाचं, बोटं बधिर होतात. नमुने घेण्याचा क्रम ठरलेला आणि तो मोडलेला कुणी खपवून घेत नाही. आधी ऑक्सिजन, कारण हवा लागली की तो बदलतो. मग कार्बनचे नमुने, मग पोषकद्रव्यं, क्षारता शेवटी. ऑक्सिजनसाठी निस्किनच्या तोटीला रबरी नळी लावायची, नळीतला शेवटचा बुडबुडा बोटांनी चिमटून घालवायचा, नळीचं टोक काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायचं आणि पाणी दोन-तीन बाटल्यांइतकं ओसंडू द्यायचं. मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड पिपेटने आत, बूच घट्ट, आणि हलवायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात साधारण १५० मीटरच्या खाली शेकडो मीटर जाडीचा असा थर आहे, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. तिथल्या पाण्यात साका पांढराच राहतो. आलेख कितीही पाहिले असले तरी रांगेत तपकिरी, तपकिरी, फिकट, पांढरी, पांढरी अशा बाटल्या उभ्या दिसल्या की अरबी समुद्राला श्वास कुठे कमी पडतो ते डोळ्यांना दिसतं. ही पद्धत विंकलर यांची, १८८८ ची. महागड्या संवेदकांची पडताळणी आजही तिच्यावरच करतात.

मुलांना आवडणारी गोष्ट: चौकटीला जाळीत बांधून थर्माकोलचे कप खाली सोडतात. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ४,००० मीटरवर चारशे पट. कप वर येतो तो अंगठ्याएवढा होऊन, त्यावर लिहिलेलं नावही तेवढंच बारीक.

आता उपग्रह आहेत. मग एवढं जहाज, एवढं डिझेल कशाला?

उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते. पृष्ठभागाचं तापमान, पाण्याची उंची, रंग, लाटा, अलीकडे वरवरची क्षारताही. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी शिरत नाहीत आणि प्रकाशही फार खोल जात नाही, त्यामुळे खालचं सगळं त्याच्या दृष्टीने अंधारात.

तो अंधार बराचसा आर्गो यंत्रांनी उजळला, हे मान्य करायलाच हवं. जगभरात अशी सुमारे ४,००० यंत्रं तरंगतात. प्रत्येक यंत्र १,००० मीटर खोलीवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरून वर येतं आणि नोंदी उपग्रहाकडे पाठवतं. भारताच्या यंत्रांचा कारभार हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे आहे. पण ती समुद्रात कोण सोडतं? जहाजच. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्यांचे संवेदक भरकटतात, तेव्हा खरं-खोटं ठरवायला मापदंड म्हणून कोणाची नोंद लागते? सीटीडीचीच. शिवाय जगातल्या समुद्राचं साधारण निम्मं पाणी २,००० मीटरच्या खाली आहे, आणि यंत्र पाण्याची बाटली भरून आणत नाही.

तीच गोष्ट बोयांची, म्हणजे समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरंगत्या यंत्रांची. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने तळावर दाब मोजणारी यंत्रं बसवली. काही किलोमीटर खोल पाण्यात वरची पातळी काही सेंटिमीटर बदलली तरी त्यांना कळतं. २००७ पासून इशारा केंद्र इन्कॉइसमध्ये चालतं. या बोयांची बॅटरी बदलणं, शंखशिंपले खरवडणं, तुटलेली दोरी जोडणं हे काम करायला कुणीतरी जहाज घेऊन जावंच लागतं. काही बोया मासेमारीच्या होड्या बांधून बांधून खराब होतात. समुद्रात सावलीभोवती मासे जमतात, कोळ्यांना बोया सोयीची, त्यांना दोष तरी काय द्यायचा.

समुद्राच्या तळाचा नकाशा कसा काढतात?

आवाजाने. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जहाजाच्या पोटाखालून ध्वनी सोडायचा, तळावर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा. ४,००० मीटर खोलीवर पाच सेकंदांहून थोडं जास्त. मल्टिबीम सोनार हे ध्वनियंत्र एकाच वेळी पंख्यासारखे शेकडो ध्वनिकिरण सोडतं, त्यामुळे जहाज पुढे जाईल तसा तळाचा रुंद पट्टा रंगत जातो. शेतात नांगर फिरवावा तसं जहाज समांतर रेषांत मागे-पुढे जातं. काम कंटाळवाणं आहे. हाती येतं ते मात्र पहिल्यांदाच दिसणारं असतं: बुडालेले डोंगर, दऱ्या, जुने प्रवाह.

तळाचा चिखल काढून काय मिळतं?

माझा विषय, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

पोकळ पोलादी नळी, वर शिशाचं वजन, सोडली की तळात घुसते. वर आली की आत थरांनुसार गाळाचा गाभा. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटिमीटर गाळ साचतो, नद्यांच्या मुखांसमोर बराच जास्त. म्हणजे काही मीटरच्या गाभ्यात हजारो वर्षांची रोजनिशी. ती वाचतात फोरॅमिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जीवांच्या कवचांतून, परागकणांतून, आणि पानांवरच्या मेणातून. झाडाच्या पानावर मेणाचा पातळ लेप असतो. पान कुजतं, मेण टिकतं, नदी ते वाहून समुद्रात नेते. कोणत्या प्रकारच्या वनस्पती होत्या ते मेणाच्या कार्बनवरून कळतं.

गोदावरीच्या मुखासमोर असा एक गाभा २००६ मध्ये निघाला. खोदकामाचं अमेरिकी जहाज 'जॉइडीस रेझोल्यूशन' तेव्हा कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गॅस हायड्रेट, म्हणजे तळाखाली बर्फासारखा गोठलेला नैसर्गिक वायू, शोधायला आलं होतं. त्या गाभ्यावरून दिसलं, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरड्या हवामानात तगणाऱ्या वनस्पतींचं प्रमाण वाढत गेलं. गोदावरीचं खोरं म्हणजे नाशिक, मराठवाडा, तेलंगण आणि आपलं वर्धा-वैनगंगेचं खोरंही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या पानांचं मेण त्यात असणारच. विदर्भाच्या दुष्काळाची जुनी नोंद फक्त विदर्भातच शोधायची नसते. ती समुद्राच्या तळाशीही आहे.

आणखी एक. सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तोच लाव्हा पश्चिम किनारा ओलांडून अरबी समुद्राखाली गेला आहे. मुंबई हायच्या तेलाखालीही तोच. २०१५ मध्ये 'जॉइडीस रेझोल्यूशन'ने अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात खोदकाम केलं. हिमालयाची झीज आणि मान्सून यांचं नातं शोधणं हा एक हेतू, तिथल्या तळाच्या खडकाचा स्वभाव ओळखणं हा दुसरा. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक भारतीय होते, गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे.

समुद्रात मँगनीज सापडतं म्हणे. मग मनसर-कांद्रीच्या खाणी बंद पडणार का?

हा प्रश्न फक्त नागपूरकरच विचारू शकतो, आणि रामटेककडून आलेला विद्यार्थी असेल तर हमखास विचारतो. देशातली मँगनीजची मोठी कंपनी मॉइल, तिचं मुख्यालय इथे. मनसर, कांद्री, गुमगावच्या खाणी आपल्याच जिल्ह्यात.

समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे विखुरलेले असतात. दशलक्ष वर्षांत काही मिलिमीटर इतक्या संथपणे ते वाढतात. 'गवेषणी'वरच्या शास्त्रज्ञांनी असे पहिले गोळे अरबी समुद्रातून २६ जानेवारी १९८१ ला वर काढले. १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागरात हक्काचं क्षेत्र मिळालं, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार झाला, आणि आता ते क्षेत्र ७५,००० चौरस किलोमीटर आहे. गोळ्यांत पावभाग मँगनीज असतं खरं, पण सगळ्यांचा डोळा त्यातल्या निकेल, तांबं आणि कोबाल्टवर आहे. हे तीन धातू मिळून दोन-अडीच टक्केच. बॅटरीच्या जमान्यात तेवढेही पुष्कळ वाटतात.

एनआयओटीने २०२१ मध्ये 'वराह' नावाचं रणगाड्याच्या पट्ट्यांवर चालणारं यंत्र 'सागर निधी'वरून ५,२७० मीटर खोल तळावर उतरवून चालवून दाखवलं. चालवणं वेगळं आणि तिथून रोज हजारो टन माल उपसून किफायतीत विकणं वेगळं. मनसरला मँगनीज ट्रकमध्ये भरता येतं. शिवाय तळ खरवडला की उठणारा गाळाचा ढग कुठवर जाईल, त्या अंधारात राहणाऱ्या जीवांचं काय होईल, याची उत्तरं पक्की व्हायची आहेत. गोळे पुन्हा तयार व्हायला कोट्यवधी वर्षं. मी घाई करणाऱ्यांच्या बाजूचा नाही. तेव्हा कांद्रीच्या मंडळींनी निवांत राहावं.

माणसं खोल समुद्रात जाणार आहेत ना?

'मत्स्य ६०००' हे यान त्यासाठी बनतंय. ६,००० मीटर खोली, तीन माणसं, बसायला २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल. ते समुद्रावर न्यायचं आणि परत उचलायचं जहाज 'सागर निधी'. त्याआधी माणसाविना 'रोसब' हे यान २०१० मध्ये ५,२८९ मीटरपर्यंत जाऊन आलं आहे.

चीनची अशी जहाजं आली की ओरड का होते? ती हेरगिरीच करतात का?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. २०२२ मध्ये श्रीलंकेच्या हंबनटोटाला आलेलं 'युआन वांग ५' हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज, समुद्रविज्ञानाचं नव्हे. २०२३ मध्ये कोलंबोला आलेलं 'शी यान ६' हे मात्र संशोधन जहाज.

खरं सांगायचं तर समुद्रविज्ञानाची माहिती दोन्हीकडे कामाची असते. तापमान आणि क्षारतेवर आवाजाचा वेग ठरतो, आणि आवाज कसा वळतो यावर पाणबुडी लपते की सापडते ते ठरतं. आपली 'सागरध्वनी' हाच अभ्यास करते. दुसऱ्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात संशोधन करायचं तर किमान सहा महिने आधी तपशील देऊन परवानगी मागावी लागते. पलीकडचा समुद्र सगळ्यांना मोकळा. शंका घेणं रास्त आहे. प्रत्येक सीटीडीत हेर बघणं नाही.

जहाजावर दिवस कसा जातो? उलट्या होतात का?

होतात. पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना. घाटातल्या एसटीत घेतो तीच गोळी, डेकवरची मोकळी हवा आणि क्षितिजाकडे नजर. पोट रिकामं ठेवायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. जहाजं तीसेक शास्त्रज्ञ आणि तेवढेच खलाशी घेऊन महिना-दीड महिना बाहेर राहू शकतात. काम पाळ्यांत, चोवीस तास, कारण समुद्रावरचा एकेक दिवस फार महाग. सुट्टीचा वार नसतो. जेवण वेळेवर आणि चांगलं मिळतं. सावजी मात्र विसरा, त्या तर्रीवर जहाज हललं तर धुवायचं कोणी? इंटरनेट उपग्रहावरून, थोडंथोडकं, आणि सगळ्यांत वाटून. घरच्यांना आधीच बजावून ठेवा, आई रोज फोनची वाट बघते.

सर, मुलींना पाठवतात का? (हे बहुधा एखादी आई दबक्या आवाजात विचारते.)

ताई, पाठवतात, आणि आजचं नाही हे. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. एनआयओत त्या समुद्रविज्ञानाचं काम करत, आणि १९८३ च्या अंटार्क्टिक मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्तांसोबत गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला गेलेल्या या पहिल्या दोन महिला. आज मोहिमांत मुली नियमित असतात. स्वतंत्र केबिन असते. विंचवर बारीक नजर ठेवायला आणि पहाटे तीनला नमुना न सांडता भरायला जे लागतं ते मुलींत कमी असतं असं मला तरी दिसलेलं नाही.

यासाठी काय शिकावं लागतं? नागपुरातून जमतं का?

'समुद्रविज्ञान' नावाची पदवी बारावीनंतर लगेच शोधत बसू नका. भौतिक, रसायन, जीव, भूगर्भ, गणित यांपैकी एकात पक्की बीएस्सी करा. पदव्युत्तरला वळता येतं. कोचीन विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि विशाखापट्टणमचं आंध्र विद्यापीठ यांची या विषयातली परंपरा जुनी आहे. संशोधनाला नेट किंवा गेट. जीएसआयमध्ये जायचं तर यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा. इंजिनिअर असाल तर एनआयओटीचा रस्ता. आपल्याकडची पर्यावरण संशोधन करणारी नीरी आणि गोव्याची एनआयओ या सीएसआयआर या एकाच राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या कुटुंबातल्या आहेत, त्यामुळे पाण्याच्या रसायनशास्त्राची सवय इथेच लावून घेता येते. पोहता येणं चांगलं, पण त्यावरून निवड होत नाही. उपकरण बिघडलं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायची तयारी असलेला मुलगा मला जास्त उपयोगाचा वाटतो.

एखादं जहाज आपल्या फुटाळा तलावात आणता येईल का?

दरवर्षी एक तरी हात वर होतोच. नाही बे.

मग प्रत्यक्ष बघायला कुठे जायचं?

'सागर कन्या' आणि 'सिंधु साधना' गोव्यात मुरगावला लागतात, 'सागर निधी' चेन्नईला, 'सागर संपदा' कोचीला, 'समुद्र रत्नाकर' मंगळुरूला. चेन्नई आणि केरळच्या गाड्या नागपूरवरूनच जातात, ही आपली सोय. पण बंदरात पासाशिवाय प्रवेश नाही आणि जहाज वर्षातला बराच काळ बाहेर असतं, तेव्हा उगाच तिकीट काढू नका. संस्था अधूनमधून खुला दिवस ठेवतात, त्या दिवशी प्रयोगशाळा आणि कधी जहाजही दाखवतात. शाळेच्या लेटरहेडवर संस्थेच्या संचालकांना दोन-तीन महिने आधी पत्र टाकलं तर निदान उत्तर येतं.

तोवर घरबसल्या करायचं तर इन्कॉइसच्या संकेतस्थळावर आर्गो यंत्रांच्या नोंदी मोफत आहेत. उपसागरातलं एखादं यंत्र निवडा, जून ते सप्टेंबर त्याची क्षारता वरच्या ५० मीटरमध्ये कशी बदलते ते आलेखावर काढा, आणि शेजारी नागपूरचा रोजचा पाऊस मांडा. दहावीचा मुलगा एका रविवारात करू शकेल एवढंच ते काम आहे.